उगवण : चौऱ्याऐंशी टक्के

कांचघर, जबलपूर
१९ फेब्रुवारी १९७२

ताई,

गुळाची भेली पोचली. तुमच्या सोसायटीचा माणूस नमुने घेऊन आला होता, तो प्रयोगशाळेच्या फाटकाशी ठेवून गेला. सोबत तुझी चिठ्ठी होती. चौदा महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. एवढ्या दिवसांनी पत्राच्या माथ्यावर नमस्काराचं काय लिहितात ते आठवेना, म्हणून नुसतं ‘ताई’ लिहिलंय.

तू लिहिलंस, ‘या खेपेला बहिणीसारखी वागलीस.’ भाऊजींचा सोयाबीनचा लॉट पास झाला म्हणून. ताई, त्यात माझं काही नाही. बी ओल्या टॉवेल पेपरात गुंडाळून आठ दिवस ठेवायचं, मग रोल उलगडून मोजायचं. शंभरात चौऱ्याऐंशी नीट उगवली होती. कायद्याला सत्तर लागतात. मी मोजलं ते लिहिलं. त्याआधीच्या हंगामात एकसष्ट मोजली होती, तेव्हा एकसष्ट लिहिली. तेव्हा तू जयाच्या लग्नात सगळ्या मांडवासमोर म्हणालीस की सख्ख्या बहिणीनं घर बुडवलं. त्याही वेळी माझ्या हातात मोजणं तेवढंच होतं.

ह्यांच्या तेराव्याला तू आलीस. साठ माणसांचा स्वयंपाक केलास, भांडी मोजून परत दिलीस आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं करेलीला निघून गेलीस. माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. शेजारच्या हिंदी बायकांना आश्चर्य वाटलं. मला काही वाटलं नाही. हे मी रागानं लिहीत नाहीये.

कशी आहे म्हणून विचारलंस. ठीक आहे. सकाळी आठच्या बसनं अधारतालला प्रयोगशाळेत जाते, साडेपाचला परत येते. खोल्यांचं भाडं आहे तेच आहे. मागच्या आठवड्यात फॅक्टरीतून ह्यांचा डबा, चपला आणि स्वेटर आला. यादी होती, तीन वस्तू. मी सही करून घेतल्या. हल्ली मी फार सह्या करते.

गूळ चांगला आहे. भाऊजींना नमस्कार.

हेमा


जबलपूर
२८ मार्च १९७२

ताई,

तुझं पत्र मिळालं. चार दिवस ये म्हणून लिहिलंस, पण मार्चअखेर रजा मिळत नाही. खरं सांगायचं तर मी मागितली नाही.

इथं एक नवीन काम सुरू झालंय. तुला समजेल असं लिहिते, कारण त्याचा तुमच्याशी संबंध येईल की काय असं वाटून राहिलंय.

आमचे साहेब श्यामसुंदरजी. मागच्या पावसाळ्यात त्यांच्याकडे पाटण तहसिलीतले काही शेतकरी आले होते. त्यांनी आमचा शिक्का असलेलं सोयाबीन पेरलं, आणि अर्धंसुद्धा वर आलं नाही. साहेबांनी कार्डं काढली. त्यात ऐंशी, ब्याऐंशी टक्के उगवण लिहिलेली. कार्डं बरोबर होती. शेतकरीही खोटं बोलत नव्हते.

साहेबांचं म्हणणं असं की आपण बियाला पाहुण्यासारखं वागवतो. मऊ कागद, हवं तेवढं पाणी, न थंड न गरम. तिथं अशक्त बीसुद्धा कसंबसं उगवतं. शेतात वरून मातीची पापडी धरते, खाली चिखल, ऊन, किडे. तिथं अंगात जोम नसेल तर कोंब आतल्या आत मरतो. उगवणशक्ती वेगळी आणि जोम वेगळा. तो जोम पेरणीच्या आधी मोजता आला पाहिजे.

म्हणून त्यांनी बाहेरच्या देशातला एक लेख वाचून चाचणी लावली. काचेच्या बरणीत तळाला पाणी, वर जाळीवर बी, झाकण घट्ट. चाळीस अंशाच्या कपाटात तीन दिवस. तीन दिवस ते बी दमट गरमीत भिजत नाही, पण उकडून निघतं. मग काढून नेहमीसारखं कागदात लावायचं. ज्यात जोम आहे ते त्यानंतरही उगवतं.

बावीस लॉट आहेत. सगळ्या बरण्या माझ्याकडे दिल्या आहेत. बरणीवर नाव नसतं, नंबर असतो, पण रजिस्टर माझ्याच अक्षरातलं आहे. सतरावी बरणी तुमची.

काल तुमच्या लॉटचं जानेवारीचं कार्ड काढलं. १४ जानेवारी तारीख आहे, खाली माझी सही. थोडा वेळ ते हातात धरून बसले होते. काही विशेष नाही.

शाळांच्या परीक्षा चालू आहेत, बसमध्ये गर्दी असते.

हेमा


जबलपूर
२२ एप्रिल १९७२

ताई,

हे पत्र एकटी असताना वाच.

सतराव्या बरणीतून काढलेलं बी उगवलं ते शंभरात तेवीस. चार वेळा शंभर लावलं. चोवीस, बावीस, पंचवीस, एकवीस. बाकीच्या लॉटांत कोणाचे एकाहत्तर आले, कोणाचे पासष्ट. सगळ्यांत खाली तुमचा.

आता दुसरी गोष्ट. पहिल्या पत्रात मी लिहिलं, ‘मी मोजलं ते लिहिलं.’ ते मला माहीत नाही. जानेवारीचे ते रोल उलगडल्याचं मला आठवत नाही. रजिस्टरात त्या आठवड्यातले अकरा लॉट आहेत, सगळे माझ्या अक्षरात, आणि मला एकही आठवत नाही. संक्रांतीचा दिवस होता. इतर बायका हळदीकुंकवासाठी लवकर निघाल्या, तेवढं आठवतं. मी टेबलाशी बसले होते. मी मोजलं असेल. मी नुसताच आकडाही लिहिला असेल. तू त्या आकड्याबद्दल मला गूळ पाठवलास.

मी साहेबांकडे गेले आणि जसं आहे तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

‘ग्यारह के ग्यारह?’

‘हो जी.’

‘ठीक है. सब दुबारा लगाइए. किसी से कहिए मत, बस लगाइए.’

मी अकराही लॉट पुन्हा लावले. या वेळी प्रत्येक रोप हातात धरून बघितलं. अकराही पास आहेत. तुमच्या लॉटचे आता एकोणऐंशी आले. तीन महिन्यांत चार-पाच टक्के उतरतं, म्हणजे जानेवारीत चौऱ्याऐंशीच असणार. माझ्या हातांनी मोजलं होतं, मी तिथं नव्हते एवढंच.

साहेब म्हणाले, ‘हेमलताजी, आपका कार्ड सही निकला. अब भूल जाइए.’

मी विचारलं, ‘और बरनी वाला तेईस?’

‘वो कानून में नहीं है. उन्यासी है, लॉट जाएगा.’

‘आप बोएँगे वो बीज?’

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, ‘मैं तो नहीं बोऊँगा.’

ताई, कायद्यानं तुमचं बी पास आहे. मी ते नापास करू शकत नाही आणि करणारही नाही. पण जूनमध्ये ते सोसायटीतून गावोगाव जाईल आणि शंभरातलं पाव वर येईल. भाऊजींनी ते आपणहून मागे घ्यावं, एवढं त्यांना सांग. मला माहीत आहे, आधीचा लॉट नापास झाला, आता हा मागे घेतला तर बीजोत्पादकांच्या यादीतून त्यांचं नाव जाईल. दोन वर्षं ते पहाटेपासून त्या वावरात वाकले आहेत, तेही माहीत आहे. हे मी कशी सांगू शकते ते तू विचारशील. सांगता येतंय. तेच मला बरोबर वाटत नाही, पण येतंय.

हेमा


जबलपूर
११ मे १९७२

ताई,

तुझं पत्र आलं. तीनदा वाचलं. ‘श्रीरंगराव गेले त्याचा सूड तू आमच्यावर उगवून राहिलीस. तुझं घर बसलं म्हणून आमचं बसवतेस.’ एवढंच ठळक आहे, बाकीचं पाण्यानं पसरलं आहे. रडून लिहिलंस की लिहिताना घाम आला ते कळत नाही.

मला राग असता तर मी कबूल केलं असतं. डिसेंबरपासून मला राग आलेला नाही. तुला उदाहरण देते. लढाई संपली त्या दिवशी, १६ डिसेंबरला, आमच्या गल्लीत फटाके उडाले. खिडक्यांवर लावलेला काळा कागद पोरांनी फाडला. समोरच्या हेमलताबाई, माझ्याच नावाच्या, बुंदीचे लाडू वाटत वाटत सवयीनं माझ्या दारात आल्या आणि मग त्यांना आठवलं. ताट हातात घेऊन उभ्या राहिल्या. पुढेही येववेना, मागेही जाववेना. शेवटी मीच एक लाडू उचलला, कारण त्या अवघडल्या होत्या. खाल्ला. ह्यांना जाऊन पाच दिवस झाले होते. लाडूत वेलची जास्त होती, हे मला कळलं. बाकी काही कळलं नाही.

आता जे लिहिते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. पोलिसांना नाही, सासरी नाही.

११ डिसेंबर, शनिवार. लढाईमुळे तोफांच्या फॅक्टरीत सगळ्यांच्या दोन-दोन पाळ्या चालू होत्या. हे आदल्या दिवशी सकाळी गेले होते, रात्री घरी आलेच नव्हते. मी प्रयोगशाळेत धानाचे रोल मोजून राहिले होते. सव्वाअकराला शिपाई आला. फोन होता म्हणाला. साखळीतून लोखंडाचा मोठा नळा सुटला, हे दवाखान्यात आहेत, आप तुरंत जाइए.

माझ्यासमोर चार रोल होते. दोन झाले होते. तिसरा अर्धा उलगडलेला.

ताई, मी तिसरा मोजला. मग चौथा मोजला. शिपाई दारात उभा होता, त्याला वाटलं मी काही आवरून राहिले आहे. चौथ्यात त्र्याण्णव होते. मी कार्डावर लिहिलं, हात धुतले, साबणानं धुतले, आणि मग निघाले. साडेअकरा झाले होते. सायकलरिक्षानं पंचवीस मिनिटं लागली. हे अकरा चाळीसला गेले. कागदावर तशी वेळ आहे. मी पाच कमी बाराला पोचले.

लगेच निघाले असते तर अकरा चाळीसला पोचले असते.

नर्स म्हणाली, शेवटपर्यंत शुद्धीवर होते, दरवाजाकडे बघत होते. तिनं चांगल्या मनानं सांगितलं.

तो त्र्याण्णवचा आकडा मला आठवतो. ते धान, त्याची मुळं, कागदाचा वास, सगळं. त्यानंतरचं मोजलेलं काही आठवत नाही.

हे मी तुझी दया यावी म्हणून लिहिलेलं नाही. तू सूड म्हणालीस. सूड घ्यायला माणूस जागेवर लागतो, म्हणून सांगितलं.

बियाचं मात्र खरं आहे. भाऊजींना सांग, इथं येऊन डोळ्यांनी बघा.

हेमा


जबलपूर
३० मे १९७२

ताई,

भाऊजी काल येऊन गेले. तुला त्यांनी सांगितलंच असेल, तरी माझ्या बाजूनं लिहिते.

एवढ्या उन्हात त्यांनी काळा कोट घातला होता. सरकारी ऑफिसात जायचं म्हणून तूच दिला असशील. शिपायानं त्यांना बाकावर बसवलं होतं आणि ते तासभर कोणाला काही न विचारता बसून होते. मी पाणी दिलं. ते म्हणाले, ‘हेमा, मले एक सांग. तुझ्या डोक्यावर एवढा डोंगर कोसळला. त्यात काही चूक झाली असंल तर मी कोणाजवळ बोलणार नाही. पण आता खोदून काहून राहिली?’

‘भाऊजी, चूक नव्हती. पुन्हा मोजलं, एकोणऐंशी आले.’

‘म्हणजे पास.’

‘पास.’

‘मग भांडण कशाचं आहे?’

‘शेतात उगवणार नाही.’

‘तू शेतात कधी गेली होतीस?’

मी कधी गेले नव्हते. त्यांना टेबलाशी नेलं. एका वाटीत त्यांच्या लॉटचे पन्नास दाणे टाकले, वर पाणी ओतलं. पाच-सात मिनिटांत काही दाण्यांची साल सुरकुतून फुगली. चांगल्या दाण्याची एवढ्यात फुगत नाही. मी सांगितलं, सालीला आत बारीक तडे आहेत, वरून दिसत नाहीत. ते वाटीकडे बघत राहिले. मग त्यांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ओल्या दाण्यांतला एक बोटांत धरून अंगठ्यानं दाबला. साल सरकली.

‘ट्रॅक्टर फिरवला होता,’ ते म्हणाले. ‘खळ्यावर. काठीनं झोडायला माणसं मिळत नव्हती, सगळे फॅक्टरीत मजुरीला पळाले. दाणा एक फुटला नाही. मी घरी इंदिराला म्हटलं, बघ, मशीन किती साफ काम करते.’

मी त्यांना दोन पुड्या दिल्या. एकीवर एक लिहिलं, दुसरीवर दोन. चारशे चारशे दाणे. एकीत तुमचं, दुसरीत ज्या लॉटचे बरणीतून एकाहत्तर आले त्याचं. कोणतं कुठलं ते सांगितलं नाही. विहिरीजवळ दोन वाफे करा, पेरणीच्या खोलीवर टाका, एकदाच पाणी द्या आणि वर पापडी धरू द्या. दहा दिवसांनी जेवढी वर दिसतील तेवढी मोजा आणि मला लिहा. मग मी सांगते.

‘हे काहून? आत्ताच सांग ना.’

‘आत्ता सांगितलं तर तुम्ही त्या वाफ्याला जपून पाणी घालाल.’

ते हसले, ताई. भाऊजी हसले. जयाच्या लग्नानंतर मी त्यांना बघितलं नव्हतं, पुढचा एक दात पडलाय.

निघताना म्हणाले, ‘तुझं मागचं पत्र इंदिरानं मले वाचू दिलं नाही. ट्रंकेत ठेवलं. दोन दिवस धड बोलली नाही. काय लिहिलं होतं तू?’ मी म्हटलं, घरचं होतं.

कोट ते इथंच विसरून गेले. माझ्याकडे आहे.

हेमा


जबलपूर
१७ जून १९७२

ताई,

तुझं कार्ड आज मिळालं. एक नंबरची दोनशे अठ्ठ्याऐंशी, दोन नंबरची त्र्याहत्तर.

दोन नंबरचं तुमचं.

हेमा


जबलपूर
२९ जून १९७२

ताई,

भाऊजींनी लॉट मागे घेतला, हे मला तुझ्याकडून नाही, श्यामसुंदरजींकडून कळलं. सोसायटीचं पत्र त्यांच्याकडे आलं. त्यात लिहिलंय की उत्पादक श्री. रामराव यांनी ‘स्वखुशीनं’ परत घेतला. साहेबांनी ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, ‘पच्चीस साल में पहली बार देख रहा हूँ. पास बीज कोई वापस लेता है?’ ते स्वतः करेलीला येऊन शेतातली उगवण मोजणार आहेत. सोबत मला नेणार. तुमच्या वाफ्यातले त्र्याहत्तर म्हणजे शंभरी अठराच्या आसपास, आणि बरणीनं तेवीस सांगितले होते. त्यांना आणखी आकडे हवेत.

पत्राच्या शेवटी असंही होतं की नऊ पोती आधीच गावात गेली होती आणि त्यांतली आठ परत आली. कशी आली ते लिहिलेलं नाही.

तुझ्याकडे उतरले तर चालेल का ते कळव. नाहीतर साहेब डाकबंगल्यात सोय बघतील. कोट आणते.

हेमा


जबलपूर
२४ जुलै १९७२

ताई,

काल संध्याकाळी पोचले. गाडी दीड तास लेट होती.

घरात होते त्या सहा दिवसांत जे बोलता आलं नाही ते लिहिते. आठ पोती कशी परत आली ते तू सांगितलं नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, ‘आली.’ शालिग्राम पटेलांच्या घरी त्यांच्या सुनेनं सांगितलं. तू बैलगाडी जुंपून घेतलीस आणि नऊ घरं फिरलीस. प्रत्येक दारात हिंदीत तेच म्हणालीस, हमारा बीज कमज़ोर है, मत बोना, ये लो. आणि बदल्यात घरचं काळं सोयाबीन देत गेलीस, जे तू स्वतः काठीनं झोडून मडक्यांत ठेवलं होतं. ते संपलं, म्हणून तुमचं खालचं वावर या साली पडीक आहे. मी ते बांधावरून बघितलं. ‘पुढं चल, चिखल आहे,’ म्हणालीस.

पटेलांनी पोतं परत दिलं नव्हतं. सरकारी ठप्पा आहे म्हणाले. त्यांच्या शेतात आम्ही वीस जागी ओळीत मोजलं. शंभरी चोवीस. साहेब तिथंच वहीत दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघत उभे राहिले, बरणीचे तेवीस आणि शेतातले चोवीस. आनंद झाला होता त्यांना, आणि समोर पटेल उभे, म्हणून तो दाखवता येत नव्हता. पटेल म्हणाले, ‘बिटिया, तुम्हारी दीदी ने तो कहा था. हमीं नहीं माने. अब उड़द डाल देंगे.’ मला वाटलं होतं, आपलं खरं ठरलं की काहीतरी वाटेल. वाटलं नाही. उन्हानं मान भाजली होती, तेवढं जाणवत होतं.

मग तिसऱ्या दिवशी दुपारी तू गवारीच्या शेंगा मोडत होतीस. भाऊजी झोपले होते. तू वर न बघता विचारलंस, ‘पंधरा मिनिटं कशाला गं थांबलीस?’

मी म्हटलं, ‘अर्धा उलगडलेला रोल तसाच सोडला असता तर सुकला असता. पुन्हा सगळं लावावं लागलं असतं.’

तू म्हणालीस, ‘हो.’

अर्ध्या शेंगा माझ्यासमोर सरकवल्यास. आपण दोघींनी त्या मोडल्या. सात महिन्यांत मला लोकांनी फार समजावलं, ताई. दैव म्हणाले, वेळ म्हणाले. ‘हो’ कोणी म्हणालं नव्हतं.

आता गाडीतलं सांगते, त्यासाठीच लगेच लिहायला बसले.

गोटेगावला एक म्हातारीशी बाई चढली, जांभळांची टोपली घेऊन. साहेब पुढच्या डब्यात होते. बाई माझ्यासमोर बसली. मंगळसूत्र नाही हे तिला दिसलं नसावं, मी पदर घेतला होता. थोड्या वेळानं तिनं विचारलं, ‘आदमी क्या करते हैं, बेटी?’

बसमध्ये, रेशनच्या रांगेत असं कोणी विचारलं की मी इतके दिवस ‘फैक्टरी में हैं’ सांगत आले. फसवायचं म्हणून नाही. तेवढं सांगितलं की लोक पुढचं विचारत नाहीत.

काल मी म्हटलं, ‘नहीं रहे.’

‘अरे,’ ती म्हणाली. तिनं टोपली मांडीवरून खाली ठेवली. ‘कब?’

‘दिसंबर में.’

‘लड़ाई में?’

‘फैक्टरी में. लड़ाई के दिनों में.’

मग तिनं विचारलं, ‘नाम क्या था उनका?’

ताई, लग्नाला अकरा वर्षं झाली. उखाणे सोडले तर ह्यांचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही. दवाखान्यातल्या कागदावर लिहिलं, फॅक्टरीच्या अर्जावर लिहिलं, उच्चारलं नाही. मी हळूच म्हटलं, ‘श्रीरंग.’

तेवढ्यात गाडी नर्मदेच्या पुलावर आली होती. लोखंडाचा खडखडाट. तिनं कानाशी हात नेला. ‘क्या?’

मला मोठ्यानं सांगावं लागलं. ओरडूनच म्हण. श्रीरंग. सगळ्या डब्यानं वळून बघितलं.

आणि मग ते सुरू झालं. पुलावरून मदनमहलपर्यंत मी रडत होते, पदर तोंडात कोंबून, नंतर तोही नाही. त्या बाईनं मला हात लावला नाही, गप्प हो म्हणाली नाही. जांभळं निवडत बसली, किडकी खिडकीतून टाकत होती, आणि कोणी जवळ यायला लागलं की त्यालाच म्हणायची, ‘रहने दो भैया, उधर बैठो.’

जबलपूरला उतरून नळावर तोंड धुतलं. साहेबांनी माझे डोळे बघितले आणि रिक्षा करून दिली. घरी येऊन भात टाकला. खूप भूक लागली होती.

भाऊजींना सांग, कोट मी पुन्हा परत घेऊन आले. पिशवीत तसाच राहिला. आता तूच ये आणि ने. दोन दिवस राहायचं म्हणून ये.

हेमा